डाख

लिएपायात ट्राम जिथे बंदराकडे वळते, तिथे आमचं दुकान:
जुने प्रिंटर, दुरुस्त फोन,
दुरुस्तीला टाकून कुणी परत न्यायलाच न आलेले रेडिओ.
मंगळवारी म्हातारे इल्गवार्स आले.
म्हणाले, नाण्यांच्या प्रतिमा हव्यात,
कॅमेरा नको, हात कापतो. स्कॅनर दाखव.

मी नवाच पुढे केला. वहीएवढा सडपातळ,
एका वायरीवर चालणारा. सगळे हाच नेतात, म्हणाले.
त्यांनी खिशातून रुमाल काढला,
रुमालातून प्लास्टिकचं पाकीट,
आणि पाकिटासकट नाणं काचेवर ठेवलं.

पडद्यावर धुकं आलं.
पाकीट ते केवढं जाड, नखाएवढं!
पण तेवढ्या उंचीवर या यंत्राला आंधळेपण येतं;
काचेला चिकटेल तेवढंच त्याचं जग.
"कागदाला चालेल," ते म्हणाले,
"कागदाला कुठे गाल असतो."

मग कपाटावरून उतरवला तो जाडजूड,
बंद पडलेल्या शाळेतून आलेला,
झाकणावर कुणी कंपासच्या टोकाने 'आर्निस' कोरलेलं.
आत आरसे, भिंग, आणि खरीखुरी नळी
जी पेटल्यावर मिनिटभर फिकट राहते,
पहाटे उठवलेल्या माणसासारखी.
याला खोली कळते.
फार नाही, बोटभरही नाही. पण कळते.

पाकिटातून नाणं बाहेर आलं. पाच लाट, चांदीचं, एकोणीसशे एकतीस.
मुलीचा चेहरा एका बाजूने, जाड वेणी, खांद्याशी धान्याची कणसं.
"मधल्या वर्षांत ही घरात असणं बरं नव्हतं.
आईने मागे पिन डाखवून घेतली
आणि कोटाच्या आत लावली,
जिथे थंडीखेरीज कुणी झडती घेत नाही."

छापा झकास आला. पापणीसुद्धा.
काटा आला तो गुळगुळीत, स्वच्छ;
डाख कुठेच नाही.
मला वाटलं, खूश होतील.
रीगाचा व्यापारीच म्हणाला होता म्हणे,
डाखेने किंमत निम्मी होते,
प्रकाश जरा जमवून घ्या.

ते काचेवर वाकले. "हा खोटं बोलतोय."
खोटं नव्हे; याचा दिवा एकाच बाजूने येतो,
त्याच्या तोंडासमोर आलेला उंचवटा सपाट होऊन जातो.
मी नाणं पाव वळणाने फिरवलं. पुन्हा. अजून थोडं.
चौथ्या वेळी सावली पडली
आणि डाख उभा राहिला, एवढासा करडा डोंगर,
त्यात पिनेची खाच,
आणि सोनाराच्या कानशीचे घाईघाईचे ओरखडे.

"हं. आता बरोबर."

विकायचं नाहीये का?
कॉर्कला नात आहे, इएवा. तिला पिन पुन्हा हवी,
त्याच जागी, आणि तिथल्या सोनाराला
नाणं पोचण्याआधी जागा बघायची आहे.
एवढ्यासाठी सकाळपासून तीन दुकानं.
(तिसरं आमचं. आधीच्या दोघांनीही सडपातळच दाखवला.)

"कडेवर तीन शब्द आहेत," मी म्हणाले, "ते कसे घेणार?"
"ते कशातच येत नाहीत."
त्यांनी नाणं कडेवर उभं केलं आणि सोडलं.
टेबलावरून घरंगळत ते गल्ल्यापर्यंत आलं,
मी तळव्याखाली धरलं. गार होतं.
"झालं," ते म्हणाले, "तू वाचलंस."

पंधरा युरो सांगितले, बारावर आले,
वर वायर फुकट मागितली. दिली.
धूळ पुसायचं फडकंही नेलं, ते मी दिलं नव्हतं.

खिडकीतून पाहिलं: चार किलोचं यंत्र कुशीत,
ट्रामच्या पायरीवर एक पाय, दुसरा अजून बर्फात,
आणि मागची बाई ओरडतेय,
आजोबा, नळीकडून धरू नका.