नऊशे बारा

खैराणी रोडला गाळा नंबर चौदा, त्याच्या माळ्यावर
माझा स्टुडिओ. भाडं कमी, कारण खाली पॉवर प्रेस.
सगळ्यांनी वेड्यात काढलं: आवाजाचं काम, आणि इथं?
मला हाच आवाज हवा होता.

मी भीती विकते, मिनिटावर.
सूर नको. ताल असावा, पण पावलांना सापडू नये.
लूप साठ सेकंदांचा, सांधा दिसता कामा नये.
परदेशातून मेल येतो: अंधार पुरेसा आहे, पण ओला नाही.
मग फुग्यात बांधून माइक सोडते कूलरच्या टाकीत,
एक्झॉस्टचा पंखा आठपट संथ करते,
ग्राइंडरच्या किंकाळीचं फक्त शेपूट कापून घेते.
आई विचारते, नक्की काय करतेस गं?
संगीत, मी सांगते.

केरबा पाटोळे प्रेसवर वॉशर पाडतो.
डाव्या हाताला साडेतीन बोटं. पैसे पिसावर,
म्हणून दर ठोक्याला तोंडाने मोजतो.
काउंटर आहे, पण काउंटर मालकाचा.

एका दुपारी प्रेस रेकॉर्ड केला,
संथ केला, तळ ठेवून वरचं सगळं घासून टाकलं,
आणि ठोक्यांच्या फटीतून केरबा वर आला,
विहिरीत कोणी दगड चघळत बोलावं तसा.

गेमवाले खूश. तळघरातल्या प्राण्याला हाच आवाज.
कोणत्या भाषेत शाप देतो, त्यांनी विचारलं.
मराठीत, मी लिहिलं. शाप नाही, मजुरी आहे.
त्यांनी हसरा चेहरा पाठवला.

केरबाला ऐकवलं.
हेडफोन त्याने टोपीसारखे नीट बसवले.
घाबरला नाही. म्हणाला, बेअरिंग गेलंय, ग्रीस मागायला पाहिजे.
म्हणाला, एवढं हळू मोजलं तर शेठ घरी बसवंल.
किती मिळणार याचे?
मी आकडा अर्धा करून सांगितला.
त्याने मनात त्याचे वॉशर केले. ओठ हलताना दिसले.

मग थबकला. मॅडम, जरा मागं घ्या.
नऊशे बारा. ठोका. नऊशे बारा.
दोनदा मोजलंत, मी म्हटलं.
एक पीस दोनदा मोजणारा माणूस नाही मी.
परत लावा.
परत.
हेडफोन काढून टेबलावर पालथे ठेवले,
दुसरा माझा नाही, म्हणाला, आणि जिना उतरला.
संध्याकाळपर्यंत खालून आकडा आला नाही, नुसते ठोके.

पत्र्याचा प्रतिध्वनी असेल. मी तो दुसरा बारा कापला,
तर लूप लंगडायला लागला.
परत जागेवर ठेवला.

पैसे आले. पाकीट दिलं, पूर्ण आकड्याचं.
केरबाने न मोजता खिशात घातलं.

रविवारी खाली शटर ओढलेलं असतं.
मी काहीच न लावता बसते
आणि मोजायचं नाही असं ठरवते.