खोलीचे खांब

मस्कतला मध्य नाही.
डोंगर समुद्राला ढकलतोय, समुद्र हटत नाही,
त्या दोघांच्या मध्ये उरलेल्या पट्टीत
मत्राच्या धक्क्यापासून सीबच्या विमानतळापर्यंत
सगळं गाव एकाच रस्त्याला टांगलेलं,
दोरीवर बोंबील वाळत घालावेत तसं.
रुवी, वताया, कुरूम, खुवैर, गुब्रा.
पांढरी घरं. मधेमधे करडा डोंगर,
त्याच्या अंगावर गवताचं पातं नाही.

माझं काम सांगतो.
रस्ता जिथे वादीच्या तळातून जातो
तिथे दोन्ही कडांना खांब रोवायचे,
तांबडे पांढरे पट्टे, दर अर्ध्या मीटरला काळी रेघ,
पाणी आलं तर किती आलं हे गाडीवाल्याला दिसावं म्हणून.
पाणी वर्षातून एकदा येतं, कधी दोनदा.
उरलेले दिवस मी
कोरड्या नदीची उंची मोजतो.

नोकरी लागली तेव्हा थोरल्याला फोन केला,
म्हटलं, वादीत काम आहे.
तो म्हणाला, वादी आपणच, प्रतिवादी काका,
आणि वकिलाला वीस हजार द्यायचेत.
कणकवलीच्या कोर्टात अकरा वर्षं
सव्वीस गुंठे आणि एक विहीर उभी आहे.
मी पैसे पाठवले. शब्दाचा खुलासा राहूनच गेला.

सकाळी साडेपाचला दादकरीमची पिकअप
अमरातच्या घाटातून उतरते.
डोंगर उभा चिरून रस्ता काढलाय;
भाडं परवडत नाही ती माणसं डोंगरापलीकडे,
त्यांची कामं अलीकडे,
म्हणून पहाटेला इतके दिवे खाली ओघळतात.
खाली टँकर भेटतात.
निळा पिण्याचा, हिरवा दुभाजकातल्या फुलांचा,
पिवळ्याच्या मागे काच वर करायची.
मोफिजुल मागे रंगाचे डबे पायात धरून बसतो,
सिल्हेटचा. त्याच्याकडे पाणी इतकं
की खांब रोवायला कोरडी जागा मिळणार नाही, म्हणतो.

आमचे साहेब खल्फान, मूळ नखलचे.
प्रत्येक वळणावर हात बाहेर काढून सांगतात,
इथून आली होती, या भिंतीपर्यंत,
माझ्या चुलत्याच्या शेळ्या त्या बाभळीत अडकल्या.
नकाशात तिथे पेट्रोल पंप आहे.
मी नकाशा मिटतो.

एप्रिलमध्ये दुपारी आली.
आमच्यावर ऊन होतं, पाऊस तिकडे वर, डोंगरात कुठेतरी.
आधी आवाज, मोठा ट्रक उलटा लोटल्यासारखा,
मग काड्या, फेस, गॅसचं सिलिंडर, मग तांबूस पाणी.
खल्फानसाहेबांनी स्वतःची गाडी रस्त्यात आडवी घातली.
एक म्हातारा कोरोलातून उतरून त्यांच्याशी भांडला,
मुलगी पलीकडे शाळेत आहे, नात असेल,
आणि आपण पोहू शकतो असंही म्हणाला.
साहेबांनी उत्तर दिलं नाही, खांब दाखवला.
पहिली रेघ गेली. दुसरी गेली.
म्हातारा तिसरीकडे बघत गाडीच्या बॉनेटवर बसला.
साहेबांनी त्याला खजूर दिला. त्याने घेतला.

वादी ती होती तर.
अकरा वर्षं नाही, वकील नाही.
चार तास ताबा घेतला
आणि रात्री कुणाला न सांगता सोडून दिला.

सकाळी खांबावर चिखलाची रेघ.
मी वहीत लिहिलं, एक मीटर चाळीस.
थोरल्याचा फोन आला, तारीख पडली,
सप्टेंबरची. इकडे पाऊस झाला म्हणे?
झाला, म्हटलं.

मोफिजुल खरवडत होता.
चौदा नंबरच्या खांबाशी गाळात
एक चप्पल सापडली, डावी, लहान मुलाची.
त्याने ती धुतली आणि खांबावर उपडी ठेवली,
कुणी शोधत आलं तर दिसेल म्हणून.
नवा रंग त्याने
तिच्या खालूनच दिलाय.