शिक्का

रुवीत, होंडा रोडच्या मागच्या गल्लीत
रात्री साडेआठलाही एक्केचाळीस अंश.
इल्यास पर्कारच्या दुकानात मात्र
एसीपुढे मी ओढणी कानांवरून घेते.

त्यानं दोन कार्डं काउंटरवर ठेवली,
खाली मल्याळम वर्तमानपत्र पसरून.
एकाला तीन पंखे,
कडेनं जांभळा, मग हिरवा, मग पुन्हा जांभळा उजेड,
लग्नाच्या मांडवातून थेट उठून आल्यासारखं.
दुसरं काळपट, बुटकं, एकाच पंख्याचं,
हेडक्लार्कच्या जेवणाच्या डब्यासारखं.

"हे दोनशे ऐंशी रियाल. हे अकराशे."
"डब्याचे अकराशे?"
"हो."
"आत काय वेगळं?"
"चिप तीच," तो म्हणाला, जरा आवाज उतरवून,
जणू घरातलं काही चारचौघांत सांगतोय.
"एकाच थाळीत थापलेल्या दोन वड्या."
"मग?"
"मग शिक्का."

मी म्हणाले, शिक्क्याचे आठशे वीस रियाल
माझी कंपनी देणार नाही,
मी तर नाहीच नाही.

तो म्हशाळ्याचा. घाई त्याच्या स्वभावात नाही.
आधी चहा मागवला, सुलेमानी, लिंबू जास्त.
मग म्हणाला: हे तीन पंख्यांचं पळतं जोरात,
खोटं कशाला बोलू, डब्यापेक्षा जोरात.
समोरच्या बिल्डिंगीतला अझ्झान यावर रात्रभर गाड्या उडवतो.
मधेच एखादा ठिपका चुकला, आभाळात लाल डाग आला,
तर तो डाग सेकंदाच्या साठाव्या भागापुरता जगतो.
पोराची पापणीसुद्धा लवत नाही.

आणि हा डबा
स्वतःच्या स्मरणावर विश्वास ठेवत नाही.
प्रत्येक आकडा लिहितो, पुन्हा ताडून बघतो,
शून्याचा एक झाला असेल तर
गुपचूप पुन्हा शून्य करतो.
उजेड नाही, गाजावाजा नाही.
"तुम्ही काय काढता त्याच्यावर?"

पूल, मी म्हणाले. वादीवरचा.
आपल्याकडे वादी म्हणजे फिर्याद घेऊन आलेला माणूस,
इथे कोरडी नदी.
तीन वर्षं गप्प राहते,
चौथ्या वर्षी येते आणि सगळी फिर्याद
एका दुपारी मांडते, गाड्यांसकट.
माझ्या पडद्यावर त्या पुलाच्या सळया
मॉडेल फिरवलं की लुकलुकतात,
एक दिसते, एक नाही,
आणि मी डोळे चोळून मोजते, परत मोजते.

"म्हणजे ते ताडून बघणं सध्या तुम्हीच करताय,"
इल्यास म्हणाला. "फुकट."

मग खालच्या कप्प्यातून त्यानं तिसरं काढलं.
डबाच, पण वापरलेला,
तेल कंपनीच्या भूगर्भवाल्या ऑफिसातून आलेला,
पंख्यात बारीक पिवळी धूळ.
"तीनशे नव्वद. चिप तीच, शिक्का तोच,
फक्त पूर्वी दुसऱ्याकडे कामाला होता."
त्यानं ब्रशनं धूळ काढली, एकेक पातं,
आणि सांगत राहिला व्होल्टेज, तापमान, किती तास चालेल,
इतकं नेमकं की मी विचारलंच,
तुम्ही शिकलात कुठे?
"रत्नागिरी. इलेक्ट्रॉनिक्स, डिस्टिंक्शन."
आणि छातीवरच्या ओळखपत्राकडे बोट: सेल्समन.

बिलासाठी माझं कार्ड घेतलं त्यानं.
नाव नीट लिहिलं, वैशाली रेगे.
खालची ओळ वाचताना पेन क्षणभर थांबलं.
पुलाचं मॉडेल मी करते, सही फ्रेझर करतो,
आणि माझ्या व्हिसावर पाच वर्षं
सेक्रेटरी.

तो काही बोलला नाही. पेन पुन्हा चालू झालं.
वरचे दहा रियाल कमी केले त्यानं,
न विचारता, न सांगता.

टॅक्सीत डबा मांडीवर होता.
चाचणीसाठी अर्धा तास चालवलेला,
अजून कोमट.