एक चूल, एक कुटुंब

नियम सोपा आहे. प्रशिक्षणात तीनदा सांगितला:
ज्यांचं जेवण एका चुलीवर, ते एक कुटुंब.
छप्पर मोजायचं नाही, रक्त मोजायचं नाही.
म्हणून मी चुली विचारत फिरले करंजओझरभर,
कादवेच्या अलीकडून, ऊन चढायच्या आत,
दारांवर गेरूने आकडे टाकत.

वडजे आळी, घर नऊ.
एक ओटा, एक नळ, दोन भाऊ.
"चुली किती?"
थोरला म्हणाला, एकच की.
आत कुणीतरी भांडं आपटलं.
मी दोन लिहिल्या.

मन्सूर पिंजारी आधी गाद्या भरायचा, आता द्राक्षाचे क्रेट.
व्यवसाय काय लिहू, तर म्हणाला,
"लिहा भरणं. काय भरतो ते दरसाल बदलतं."

यशोधरा दोंदे दारातच उभी, बीएस्सीचं दुसरं वर्ष.
"धर्म बौद्ध. पेन्सिलीनं नको बाई, पेनानं."
शाई वाळेपर्यंत माझ्या हाताकडे बघत राहिली.
मला राग आला. मग आठवलं,
मागच्या मोजणीला ही वस्ती मी
शाळेतच बसून, पोलिसपाटलाला विचारून भरली होती,
तीनची नाशिक बस गाठायची म्हणून.

बागांच्या बांधावर निळे कागद ताणलेले,
खाली सुरगाण्याकडची माणसं. छाटणीला येतात, खुडा उरकला की जातात.
मंगळू भोये, राहणार कुठले?
"हितं नाय. तिथं पन अर्धं वरीस नाय."
साहेब फोनवर म्हणाले, बघा तुम्हीच.
मी बघितलं. तीन दगड, वर तवा.
लिहिलं, कुटुंब.
मातृभाषा?
"आमचीच."

सरपंचाला फक्त बेरीज हवी होती,
किती कमी पडतात ते सांगा, म्हणाला, भरून काढू.

पण हात दुखला तो एका शब्दानं: अविवाहित.
एकतीस, चौतीस, सदतीस.
सात-सात एकर बाग, दारात नवा ट्रॅक्टर.
माझेच विद्यार्थी. तेराचा पाढा उलटा म्हणायचे,
आणि आता हे उत्तर देताना चपलेनं माती उकरतात.
यांच्या वर्गात मुली किती होत्या?
हजेरीपट मीच भरायचे. मला कळायला हवं होतं.

घर सत्तेचाळीस. बाळनाथ, वय अडतीस,
न विचारताच म्हणाला, "विवाहित."
त्याच्या आईनं पुढचं सांगून टाकलं,
"सुनेचं नाव साक्षी. भाषा मराठी."
गॅसपाशी पाठमोरी होती ती. वळली नाही.
"सस्मिता," म्हणाली. "ओडिया."

"तिचं काय ऐकता? आता ती आमची."
आमची हा शब्द त्या दिवशी दुसऱ्यांदा ऐकला.
मंगळूचा वेगळा होता.

मी लिहिलं. सस्मिता. ओडिया. पेनानं.
अख्ख्या गावात त्या भाषेपुढे आकडा: एक.
म्हातारी ओसरीवर निघून गेली, पाट वाजवत.

चहा झाला. जाताना, उगाच, विचारलं,
तुमच्याकडे चुलीला काय म्हणतात?
"चुली."
मला वाटलं, अनेकवचन.
सवयीनं विचारून बसले, किती?

ती पहिल्यांदा हसली.
"एकच बाई. एकीलाच चुली म्हणतात."