बिडातली दहा अक्षरं

करुणा तायडे मँचेस्टरले चालली, नर्स म्हणून.
आदल्या दिवशी जिनात आली,
म्हणे, नत्थूकाका, तुमच्या गावाबद्दल सांगा काही.

माह्यं गाव!
मी अकोल्याच्या पलीकडं रेल्वेत बसलो नाही.
पण तिनं बरोबर माणसाले इचारलं.
तीस नंबरच्या रेच्यावर, उजव्या अंगाले,
बिडात ओतलेली दहा अक्षरं आहेत.
एकेचाळीस दसरे मी ती रॉकेलच्या चिंधीनं घासली,
मग झेंडूचा हार.
इंग्रजी येत नाही मले.
पण सहावं अन् नववं अक्षर सारखंच,
तीन दातांची फणी. बोटाले ठाऊक आहे.

तर ऐक, म्हटलं.
तथं पाऊस बारीक असन,
सूत तुटू नये एवढाच ओला.
धुराडी मोजू नको, मान दुखन.
रस्त्यात नट दिसला तर उचलून ठेव,
तथले आटे इंची, अकोल्यात भेटत नाहीत.
माणसं उतावळी नसतीन,
शंभर वर्षांत दोनदा बेअरिंग मागते
असं यंत्र घाईत होत नाही.
अन् जोरात बोल.
साऱ्यायचे कान गेले असतीन, माह्यासारखे.

दिवाळीनंतर व्हिडिओ लावला तिनं.
पाऊस बारीकच होता.
बाकी सारं चुकलं माह्यं.
गिरणीत लोक राहतात, खिडकीत कुंड्या.
धुराडं एकच, थेही नुसतं पाहाले.
कालव्यात बदकं.
टॅक्सीवाला मिरपूरचा, भाडं उर्दूत सांगते.
कापूस? मी इचारलं.
म्हणे, वॉर्डात आहे ना, ट्रेमध्ये, जखम पुसाले.

मग थांबून म्हणे,
इथं एक म्हातारी आहे, अठ्ठ्याऐंशीची.
ओठ हलवते, आवाज काढत नाही.
सगळ्यांले वाटलं वाचा गेली.

करुणाले नाही वाटलं.
तिची माय बावीस हंगाम आमच्या रेच्यावर होती.
त्या घरघरीत बाया अशाच बोलत:
पाणी दे. मुकादम आला. पोरीले पाजून येतो.
पोरगी टोपल्यात पडून पाहे.
बोलाले लागायच्या आधी ऐकाले शिकली, डोळ्यांनी.

तिनं खाली वाकून, आवाज न करता,
इंग्रजीतच इचारलं, पाणी?
म्हातारी घटाघटा प्याली.
मग ओठांनीच म्हणे:
तू कोणत्या गिरणीतली?

काका, काय सांगू तिले?

फोन घेऊन मी जिनात गेलो.
तीस नंबर बंद आहे, पाच वर्षं झाली.
कोळिष्टक काढलं.
अक्षरांवरून फोन हळू फिरवला,
फणी आली तशी थांबलो.
म्हटलं, हे दाखव तिले.

काका, आवाज येत नाही, करुणा म्हणाली.
रेंज गेली असन.
मी पुन्हा सांगितलं,
फक्त ओठांनी.
तिनं मान हलवली.