गच्चीची किल्ली

शनिवार संध्याकाळ, कोपरखैरणे.
सोसायटीच्या आवारात पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल ओतून
मी आग लावतो.
पोरं टाळ्या वाजवतात.
(बावीस वर्षं आगी विझवतोय,
टाळ्या मात्र लावतानाच मिळाल्या.)

पिन ओढा. नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा, शेंड्याशी नाही.
झाडाला पाणी घालता ना, तसं.
पेंडसेकाका विचारतात, बाटलीची तारीख उलटलीय, चालेल का?
मी म्हणतो, आग तारीख बघत नाही.
हशा पिकतो. पिकू दे.
हसलेलं लक्षात राहतं.
चेअरमन घड्याळ बघतात, सातला हॉल द्यायचाय बारशाला.
इम्तियाज ट्रेवर ओलं पोतं टाकतो,
धूर पहिल्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींत शिरतो
आणि एक बाई वरून ओरडते.

मग मी जिना मागतो.
ते लिफ्ट दाखवतात.
मी पुन्हा जिना मागतो.

दुसऱ्यावर चपलांचं कपाट,
तिसऱ्यावर चाक नसलेली सायकल,
पाचव्यावर कुणाच्या तरी लग्नातून उरलेला मखमली पडदा,
घडी करून, जपून.
सातव्याच्या वर दार. दाराला कुलूप.
किल्ली? सेक्रेटरींकडे.
सेक्रेटरी? चिपळूणला.
कुलूप कशाला?
पोरं वर जाऊन बसतात हो. आणि मागे
एकीने...
चेअरमन वाक्य तिथंच सोडतात
आणि खिडकीची काच पुसतात बोटाने.

मी वाद घालत नाही.
वहीत लिहितो: गच्चीचे दार बंद आढळले.
नोटीस निघेल. उत्तर येईल. पुन्हा नोटीस निघेल.

त्यांना कसं सांगू,
धूर वर जातो, घाबरलेला माणूसही वरच जातो,
आणि दोघं एकाच दारापाशी भेटतात.
ऐरोलीला मी ते दार आतून पाहिलंय.
काजळीत उमटलेले पंजे.
मोठे दोन.
आणि खाली, कडीच्या कितीतरी खाली,
एक लहान.
कुलूप तोडायला कटरला आठ सेकंद लागली.
आठ.

तेव्हापासून घरात मी काहीच बंद ठेवत नाही.
सुलभा रात्री कपाट लावते, बाथरूमची कडी लावते,
मी मागोमाग उघडत जातो.
ती बोलत नाही हल्ली.
फक्त दागिने माहेरी ठेवून आलीय.

वॉकीटॉकी खरखरते. कंट्रोल रूमवर वासंती भोईर:
फळबाजारात खोकी पेटलीत, वाशीची गाडी निघालीय,
पामबीचवर तेल सांडलंय, माती टाकायला माणसं हवीत,
आणि नेरूळला एका आजींच्या बोटात अंगठी रुतलीय,
त्या म्हणतात कापायची नाही.
तिचा आवाज तिन्ही गोष्टींना सारखाच.
मी विचारतो, आधी कुठं?
ती म्हणते, तू आधी खाली तर ये.

सगळे उतरतात. वॉचमन मागे राहतो.
लोचन यादव, छातीवरच्या पट्टीवर नाव, पट्टी उलटी.
पायमोजा खाली करतो आणि घोट्याजवळून
काळ्या दोऱ्यात गुंडाळलेली किल्ली काढतो.
"बनवा ली थी साहब. अपने पैसे से.
किसी को बताइयेगा मत."

कुलूप उघडतं. तेल घातलेलं असावं.
वर टाक्या, कबुतरं, डिश अँटेना,
लांब खाडीपलीकडे दिव्यांची विस्कटलेली ओळ,
आणि वारा, इतका की
टोपी हातानं धरावी लागते.
कठड्याशी तो माझ्याआधी जाऊन उभा राहतो,
पाठ कठड्याला, तोंड माझ्याकडे.
रोज रात्री असाच उभा राहत असेल बहुतेक,
दोन्ही दारांचा विचार करत.

वहीतली ओळ मी खोडली नाही.
त्याचं नावही लिहिलं नाही.

उतरताना डोळे मिटून घेतले, हात भिंतीवर,
आणि पायऱ्या मोजल्या.
कपाटापाशी गुडघा आपटला.
एकशे सव्वीस.