डबा कोनाचा

पूर्णगडाच्या दर्यादरवाजातून बाहेर पडलं
की डाव्या हाताला जांभ्याचा एक चिरा निसटलेला आहे.
त्याच्या पोकळीत मी डबा ठेवला तेव्हा
माझ्याकडे आकडे होते.
सोळा अंश, अठ्ठेचाळीस मिनिटं, पुढे दशांशाची तीन घरं.
आभाळातून बघणाऱ्यालाही बोट ठेवता यावं
इतके नेमके.

डब्यात वही, दोरीला बांधलेली पेन्सिल,
एक गोटी, मस्कतचं नाणं, प्लास्टिकचा हत्ती.
झाकणाला आतून चिकटवलेले नियम:
काही घेतलंत तर काही ठेवा.
नाव लिहा. वेळ लिहा. कोणाला दाखवू नका.

त्या हिवाळ्यात खेळणारे आले.
सापडला, ११.४०.
सापडला, ४.०५, ऊन फार.
सापडला.
हजेरीपटासारखी पानं.
मी तटावर बसून वाचायची आणि खूश व्हायची.

मग सातव्या पानावर, रेघा ओलांडून, आडवं:
"हा डबा कोनाचा हाय?
शेरडू शिरला म्हनून हात घातला.
पैशाला हात लावलेला नाय.
सुगंधा डोर्लेकर, खालची वाडी."

चार दिवसांनी पुन्हा तिचंच:
"अजून कोन आला नाय नेयाला.
हत्तीला मुंग्या लागलेल्या. पुसून ठेवला."

पुढे एकाचं सरळ, शाळेतलं अक्षर:
"इथे रेंज येते म्हणून येतो.
बायकोशी बोलताना टेकलो, दगड हलला.
बोलणं नीट झालं नाही.
गोटी घेतली आहे मुलासाठी.
जाळ्याचं एक शिसं ठेवतो.
फैयाज सोलकर, खलाशी."

"सागर रक्षक दल, सदस्य क्रमांक १४.
डबा तपासला. संशयास्पद काही नाही.
हत्ती आहे."

"आम्ही तिघी, पाचवी ब.
शाळा बुडवलेली नाही, शनिवार आहे."

यांतल्या कोणाकडेच आकडे नव्हते.
कोणी काही शोधतही नव्हतं.

जूनमध्ये मी गेले नाही, जुलैत नाही.
ऑगस्टपासून माझ्या फोनवर येऊ लागलं:
सापडला नाही.
तासभर शोधला, नाही.
तुमचे आकडे चुकलेत.

नवरात्राच्या आधी गेले. पोकळीत कुर्ली होती.
हातातलं यंत्र सांगत होतं, अकरा उपग्रह जागेवर आहेत.
तीही जागेवर होती, नांगी उगारून.

खाली खडपावर एक बाई कालवं फोडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"वर जावा. बुरजाकडच्या उंबराच्या मुळात बगा.
हितं आषाढात लाट येते, कागद भिजला आसता."

मी म्हटलं, सुगंधाताई?
तिचा कोयता क्षणभर थांबला.
"तुमचा होय तो?"

उंबराच्या मुळांत, खताच्या पिशवीत, सुतळीने आवळलेला डबा.
जुनी वही वाळवून तळाशी, तिच्यावर नवी,
विषयाच्या रेघेवर कोणीतरी लिहिलेलं: भूगोल.
आत मधेच:
"बाबल, इंजिनाचा पट्टा गावखडीच्या तरीवर दिलाय."
खाली: "गावला."
लाल दोऱ्यातली एक किल्ली, कुणाची ते लिहिलेलं नाही.
फैयाजचं पुन्हा: "मुलाने गोटी हरवली.
बोलणं आता बरं आहे."
नाणं होतं. हत्ती नव्हता,
त्याच्या जागी चिठ्ठी:
हत्ती अंगणवाडीत आहे, हवा असल्यास विचारावे.

खिशात नवे आकडे घेऊन उभी होते,
तीन घरांपर्यंत बरोबर.
टाकले असते तर संध्याकाळपर्यंत कोणीतरी आलं असतं,
सापडला, ५.२०.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर
तिने तो प्रश्न पुन्हा उतरवून ठेवला होता
आणि खाली जागा सोडली होती, चांगली चार बोटं.
पेन्सिल बोथट झालेली. जांभ्यावर घासून टोक काढलं.
"माझा" लिहायला गेले, माच्या कान्यापाशी थांबले,
खोडलं.

मग लिहिलं:
शोधला. विचारल्यावर मिळाला.
वेळ टाकली नाही.